उघडली का गं फाइल?

परवा रात्री साडेनऊला फोन वाजला. आमच्या भगिनी मंडळाच्या खजिनदार बाई. "अगं, तू मेलवर पाठवलेलं इतिवृत्त मिळालं, पण ते उघडतच नाहीये. माझ्याच मोबाइलला काहीतरी झालंय वाटतं. जाऊ दे, सून आली की तिला दाखवीन."

मी विचारलं, "फाइलच्या नावाच्या शेवटी काय लिहिलंय?" मग चष्मा शोधणं झालं, तो डोक्यावरच सापडला आणि बाईंनी एकेक अक्षर लावत वाचलं, "विनमेल डॉट डॅट."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्या मोबाइलला काही झालं नव्हतं आणि त्यांचंही काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. त्या दिवशी माझा कॉम्प्युटर रुसला होता, म्हणून मी ह्यांच्या कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमधून मेल पाठवली. त्यात मेलचा प्रकार 'रिच टेक्स्ट' असा ठेवलेला असला, तर आउटलुक मजकुराची सजावट आणि जोडलेली फाइल हे सगळं स्वतःच्याच एका गाठोड्यात बांधून पाठवतं. त्या गाठोड्याचं नाव विनमेल डॉट डॅट. ज्याच्याकडे आउटलुक नाही त्याला गाठोडं मिळतं, गाठ मात्र सुटत नाही. उपाय इतकाच, की पाठवणाऱ्यानं मेलचा प्रकार बदलून 'एचटीएमएल' किंवा 'प्लेन टेक्स्ट' करायचा आणि पुन्हा पाठवायचं. दोन मिनिटांत झालं. बाईंनी इतिवृत्त वाचलं आणि त्यातली जमाखर्चाची एक चूकही काढली.

पण माझ्या डोक्यात राहिलं ते त्यांचं पहिलं वाक्य. "माझ्याच मोबाइलला काहीतरी झालंय." मैत्रिणींनो, हे वाक्य किती ओळखीचं आहे! दूध नासलं तर आपणच भांडं नीट घासलं नसेल, कुकरची शिट्टी झाली नाही तर आपणच झाकण नीट लावलं नसेल. तसंच मेल उघडली नाही की माझंच काहीतरी चुकलं असेल. मग आपण कुणाला विचारतही नाही, कारण विचारलं की घरातली तरुण पिढी एक सुस्कारा टाकते. तो सुस्कारा ऐकण्यापेक्षा न वाचलेलं बरं, असं वाटतं.

माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. दहातल्या नऊ वेळा चूक पाठवणाऱ्याची असते, किंवा मधल्या यंत्राची. ज्याला मेल मिळाली त्याची नसते. आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. एकदा या न बोलण्यात माझ्या हातून जे झालं, ते सांगायला मला पंधरा वर्षं लागली.

२००९ साली आमच्या मंडळाला पंचवीस वर्षं झाली. साताऱ्यासारख्या गावात बायकांचं मंडळ पंचवीस वर्षं चालणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे, म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. घरात इंटरनेट असलेल्या दोघी-तिघीच होत्या, त्यामुळे संपादकपद आपोआप माझ्या गळ्यात पडलं. लेख मेलवर मागवले. कुणाचा मुलगा पुण्याहून टाइप करून पाठवी, कुणाची नात सायबर कॅफेत जाऊन. आणि मग जे काही येई ते बघण्यासारखं होतं! एका लेखाची अक्षरं चौकोनी डब्यांत गेलेली. एकीनं ओव्या पाठवल्या होत्या, त्या मेलमध्ये चिकटवताना सगळ्या ओळी एकमेकींत मिसळून त्यांचा सलग परिच्छेद झाला. अनारशांच्या कृतीत अर्ध्याचं चिन्ह होतं, ते वाटेत हरवलं आणि 'प्रश्नचिन्ह वाटी गूळ' असं आलं. (तेव्हापासून मी 'अर्धी वाटी' अक्षरांतच लिहिते.) चार-पाच जणींच्या फाइली माझ्या जुन्या वर्डमध्ये उघडेनात, कारण २००७च्या नव्या वर्डनं फाइलच्या नावाच्या शेवटी एक जादा अक्षर आणि आत सगळी नवी मांडणी आणली होती.

अशाच गर्दीत एका संध्याकाळी एक मेल आली. आमच्या मंडळात एक मावशी आहेत. सगळ्या त्यांना मावशीच म्हणतात. मूळ पाटण तालुक्यातल्या, शाळा सातवीपर्यंत. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला भांडी मोजून आणायची आणि मोजून परत करायची, हे काम त्यांचं. त्यांनी लेख लिहिला होता, वहीत, पेन्सिलीनं. कराडच्या भाचीनं तो तिथल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतला आणि मला पाठवला. मी फाइल उघडली. आत सगळी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, तिरक्या रेघा. एक शब्द लागेना. तेव्हा घरोघरी एकच धाक होता, व्हायरस. मी घाबरून फाइल बंद केली. उद्या भाचीला विचारू म्हटलं. उद्या प्रेसचा फोन आला, परवा जाहिरातींचे पैसे गोळा करायचे होते. स्मरणिका छापून झाली. मावशींचा लेख त्यात नव्हता.

कोजागरीला प्रकाशन झालं. मावशी आल्या, स्मरणिका हातात घेतली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक पान उलटलं आणि ती नीट पिशवीत ठेवली. मग सगळ्यांना मसाला दूध वाटलं. मला काही म्हणाल्या नाहीत. मीही नाही. खरं सांगायचं तर मला त्या वेळी आठवलंच नाही.

या अक्षरांच्या गोंधळाचा उलगडा मला पुढच्या वर्षी झाला, तोही माझ्या धाकट्या बहिणीमुळे. ती न्यू जर्सीला असते. आई सांगायची आणि मी तिला मराठीतून मेल लिहायचे. तिचं उत्तर यायचं, "पत्र मिळालं, फार बरं वाटलं." तिसऱ्या पत्रानंतर तिचा फोन आला. "ताई, खरं सांगू का? मला नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. आईला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." तीन पत्रं! आई आपल्या गुडघ्यांपासून शेजारच्या बारशापर्यंत सगळं सांगत होती आणि तिकडे ती प्रश्नचिन्हांची रांग वाचत होती. त्या दिवशी मी चिडून ठरवलं, की हे काय प्रकरण आहे ते मुळातून समजून घ्यायचं.

समजल्यावर कळलं की यात अवघड असं काही नाही. गणेशोत्सवातल्या नाटकात एखादा मुलगा मुखवटा घालून हनुमान होतो ना, तसं जुन्या मराठी फाँटचं असे. कॉम्प्युटर आत साठवतो इंग्रजी अक्षर. त्याच्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवतो तो फाँट. पडद्यावर आपल्याला 'क' दिसतो, पण यंत्राला त्याचा पत्ताच नसतो. त्यात प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. तो फाँट माझ्या कॉम्प्युटरवर नसला की मुखवटा गळून पडतो आणि खालचा मुलगा दिसतो, म्हणजे इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलर. फाइल बिघडलेली नसते. व्हायरस तर नसतोच. तो फाँट मिळवून बसवला, किंवा अक्षरं बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढली, की मजकूर जसाच्या तसा समोर येतो.

युनिकोडनं हे मुखवटे काढून टाकले. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि तो जगभर एकच. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. विंडोज २०००बरोबर 'मंगल' हा फाँट घरात आला. पण आमच्यासारख्यांपर्यंत ही बातमी पोचायला आणखी दहा वर्षं गेली. एक्स्पीवर तर मराठी नीट दिसायला सेटिंगमध्ये एका चौकोनात खूण करावी लागे आणि ती केली की यंत्र मूळ सीडी मागे. ती सीडी कुणाकडे असायची?

युनिकोडमध्ये लिहिलेली मेलसुद्धा वाटेत बिघडू शकते. मात्र बिघाडाच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत, आणि तापाच्या तऱ्हा जशा आईला कळतात तशा त्या सवयीनं कळायला लागतात. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसले, तर मजकूर शाबूत आहे, फक्त तुमच्या यंत्राकडे ते अक्षर काढायला फाँट नाही. तीच मेल दुसऱ्या फोनवर उघडा, दिसेल. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी ए आणि त्याच्यामागे चार पाय फुटलेलं वर्तुळ, असं पुन्हा पुन्हा आलं, तरीही मजकूर शाबूत आहे. युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे यूटीएफ-८मध्ये, देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटांत साठवलेलं असतं आणि वाचणारा प्रोग्रॅम त्या तिघांना वेगवेगळी चिन्हं समजतो. एन्कोडिंग बदलून यूटीएफ-८ केलं की मराठी परत येतं. पण ओळीनं नुसती प्रश्नचिन्हं आली, तर मात्र हात टेका. पाठवतानाच यंत्रानं म्हटलंय, "ही लिपी मला येत नाही," आणि प्रत्येक अक्षर टाकून देऊन त्याच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवलंय. त्यातून काही परत मिळत नाही. तिथे एकच उपाय, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगणं. आणि नेमकं तेच आपण करत नाही. माझ्या बहिणीनं तीन पत्रं केलं नाही.

अ‍ॅटॅचमेंटचं तर वेगळंच महाभारत. मेल मुळात जन्मली ती साध्या इंग्रजी अक्षरांसाठी. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी अ‍ॅट हे चिन्ह वापरून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवला, तेव्हा फोटो किंवा देवनागरी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. मेलला फाइल जोडण्याची आजची पद्धत, जिला 'माइम' म्हणतात, ती १९९२ साली नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी घालून दिली. या बोरेनस्टीन यांना लोक विचारायचे, की मेलमधून चित्रं पाठवायची एवढी उठाठेव कशाला? ते म्हणायचे, पुढे मला नातवंडं होतील आणि त्यांचे फोटो मला मेलवर हवेत. हे वाचलं तेव्हा मला फारच आवडलं. एवढ्या मोठ्या शोधामागे आजोबांचा हट्ट!

त्या पद्धतीत फोटोचीही साधी अक्षरं करूनच तो पाठवावा लागतो. तीन बाइटांची चार अक्षरं होतात. म्हणजे पंधरा एमबीची फाइल वाटेत वीस एमबीची होते, आणि म्हणून मर्यादेच्या काठावरची फाइल "फार मोठी आहे" म्हणून परत येते. आपण आकडा बघून म्हणतो, अगं, बसायला हवी होती. हळदीकुंकवाचे चाळीस फोटो एका मेलला जोडण्यापेक्षा ते ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवावा, आणि तो उघडायची परवानगी सगळ्यांना दिली आहे ना, ते बघावं. ही परवानगी मी स्वतः दोनदा विसरले आहे. आयफोनवाल्या सुना-मुलींना आणखी एक विनंती. २०१७पासून तुमचा फोन एका वेगळ्याच प्रकारात फोटो साठवतो. तो तसाच पाठवलात तर जुन्या विंडोजवर उघडत नाही. आजी बिचारी म्हणते, बाळ दिसेना. जेपीजी करून पाठवा ना. तुमचं एक मिनिट जाईल.

आणि नुसता वाचायचाच मजकूर असेल तर पीडीएफ. पीडीएफ आपला फाँट शिदोरीसारखा बरोबर बांधून नेतं, समोरच्याच्या घरी काय आहे-नाही याची त्याला फिकीर नसते. पण छपाईसाठी मजकूर हवा असेल तर पीडीएफ नको, त्यातून मराठी उचलून घेतलं की वेलांट्या कुठल्या कुठे पळतात. तेव्हा युनिकोडमधली साधी फाइल द्यावी.

हल्ली कुणी म्हणेल, आता मेल कोण लिहितं? सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. खरं आहे. पण बँकेचं पत्र मेलवर येतं, शाळेचं येतं, विम्याचं येतं, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. जे महत्त्वाचं आहे ते अजून मेलवरच येतं, आणि तेच उघडलं नाही की आपण गप्प बसतो. माझ्या ओळखीतल्या एक बाई रिपोर्टची फाइल उघडेना म्हणून चार दिवस थांबल्या. मुलगा शनिवारी येईल म्हणून. रिपोर्ट चांगला निघाला, हे नशीब. पण त्या चार रात्री झोपल्या नव्हत्या. लॅबला फोन करून "उघडत नाही, दुसऱ्या प्रकारात पाठवा" एवढं म्हणायला त्यांना संकोच वाटला. का वाटावा? पोस्टमननं फाटकं पाकीट दिलं असतं तर आपण "माझेच डोळे गेले" म्हटलं असतं का?

आता मावशींकडे येते. २०२४ साली मंडळाला चाळीस वर्षं झाली आणि पुन्हा अंक काढायचं ठरलं. जुन्या लेखिकांची यादी करायला मी पंधरा वर्षांपूर्वीच्या मेल चाळत होते. कराडच्या भाचीची ती मेल समोर आली. न उत्तर दिलेली. फाइल उघडली. तीच इंग्रजी अक्षरं, तेच कंस, तेच डॉलर. या वेळी एका नजरेत कळलं, हा मुखवटा गळालेला आहे. लेख पंधरा वर्षं माझ्याच घरात होता.

पेन ड्राइव्ह घेऊन राजवाड्यावरच्या डीटीपीवाल्याकडे गेले. तेव्हाचा मुलगा आता टक्कल पडलेला गृहस्थ झालाय, पण जुने फाँट त्यानं जपून ठेवलेत. त्यानं दोन-तीन लावून पाहिले. चौथा लागू पडला आणि पडद्यावर मराठी उमटलं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा, कोयनेच्या भूकंपाचा लेख होता. त्या भूकंपानं पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, पुण्या-मुंबईपर्यंत धक्का जाणवला, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. मावशी तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी भिंत आत न पडता बाहेर पडली म्हणून त्या वाचल्या, हे त्यांनी लिहिलं होतं. गोठ्यातल्या गाईनं आधी कसा दावं तोडायचा प्रयत्न केला, सासूनं अंधारात नावं घेऊन माणसं कशी मोजली, मोजताना एक नाव दोनदा कसं घेतलं, कारण उत्तर आलं नव्हतं, हे सगळं. मी दुकानात उभ्या उभ्या वाचलं. डीटीपीवाल्यानं खुर्ची पुढे केली.

त्याच्याकडच्या कन्व्हर्टरमधून तो मजकूर युनिकोडमध्ये काढला, छापून घेतला आणि मावशींकडे गेले. त्या आता शहात्तरच्या. झालं ते सगळं सांगितलं, फाँटचं, मुखवट्याचं, व्हायरसच्या भीतीचं. आणि मी विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, हेही. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही शिकलेल्या बायका. तुम्हाला नसेल आवडलं. म्हणून मी पुन्हा काही लिहिलंच नाही बघ."

मला पुढे बोलवेना. पंधरा वर्षं ही बाई आमची भांडी मोजत होती.

त्यांनी छापलेला कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि पहिल्याच परिच्छेदावर बोट ठेवलं. "हे काय? माझ्या 'भिंती'ची 'भंति' कुणी केली?" कन्व्हर्टरनं वेलांटी उचलून भलत्याच अक्षराला लावली होती. पुढे आणखी तीन ठिकाणी तेच. एका ठिकाणी रफार उडाला होता. मी पेन दिलं. त्यांनी सगळ्या चुका गोल करून दिल्या, दोन ठिकाणी वाक्यही बदललं. मग आत जाऊन ती जुनी वही घेऊन आल्या.

"याच्या म्होरचं राहिलंय लिहायचं. शेडात राहिलो त्या दिवसांचं. पण मी वहीतच लिहून देणार हां. त्या मेलचं तू बघ."

"मी बघते, मावशी," मी म्हटलं. "तुम्ही लिहा."